आजोबांचा रकाना: चरित्रकोशाच्या संपादक मंडळास खुले पत्र

मा. संपादक मंडळास,
स. न. वि. वि.

मी बेळगावातल्या शहापूरची. एका वाचनालयात तीस वर्षं ग्रंथपाल होते, आता निवृत्त आहे. कोशांवर माझं पोट चाललं, म्हणून कोशवाल्यांविषयी मनात आदर आहे. एकेका नोंदीसाठी किती पत्रं, किती फेऱ्या, किती खाडाखोड लागते ते मला ठाऊक आहे. तेव्हा हे पत्र चुका काढण्याचा छंद म्हणून लिहिलेलं नाही, एवढं आधी धरून चाला.

तुमच्या कोशात माझ्या आजोबांची साडेचार ओळींची नोंद आहे. पहिल्या आवृत्तीत ते ‘मराठी नाटककार व मुद्रक’ होते. सुधारित आवृत्तीत ते ‘कन्नड नाटककार व मुद्रक’ झाले. आजोबांनी तीन संगीत नाटकं लिहिली, तिन्ही मराठीत. कन्नडमध्ये त्यांनी भजनांचं एक लहानसं पुस्तक केलं, आणि त्याचा नोंदीत उल्लेखच नाही. मी पत्र पाठवलं. उत्तर आलं की सुधारित धोरणानुसार व्यक्तीचं जन्मस्थळ आज ज्या राज्यात आहे त्यावरून तिची ओळख दिली जाते, आणि एकसारखेपणासाठी हा निर्णय घेतला आहे. दुसऱ्या पत्राला उत्तर आलं नाही. म्हणून आता हे चारचौघांत.

पत्ता वाचून काही जण म्हणतील, आल्या सीमावाल्या बाई. त्यांना सांगते, जमीन कुणाकडे जावी याचा दावा महाराष्ट्रानं २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केला आहे आणि त्याचा निकाल तिथं लागेल. त्या प्रश्नावर माझं मत काय आहे ते आमच्या गल्लीला ठाऊक आहे, पण कोशात माझ्या मताला जागा नको. तुमच्याही नको.

आजोबा १९११ साली शहापुरात जन्मले. त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला पत्र्याच्या ट्रंकेत अजून आहे. घडीवर फाटलाय, पण शिक्का वाचता येतो: संस्थान सांगली. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो चक्रावतो. बेळगाव इंग्रजांचं, आणि त्याला खेटून असलेलं शहापूर सांगलीच्या पटवर्धनांचं. १९४८ साली संस्थान विलीन झालं आणि शहापूर मुंबई प्रांतात आलं. १ नोव्हेंबर १९५६ ला ते म्हैसूर राज्यात गेलं, १ नोव्हेंबर १९७३ ला म्हैसूरचं कर्नाटक झालं. आजोबा १९७९ साली गेले, त्याच घरात, माजघराच्या त्याच कोपऱ्यात. तुमच्या नियमाला यातली फक्त शेवटची पाटी दिसते.

त्यांचा छापखाना घराच्या ओसरीवर होता. पायानं चालवायचं एक ट्रेडल मशीन, आणि खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या शिशाच्या अक्षरांच्या, दोन लाकडी केसा: डाव्या हाताला देवनागरी, उजव्या हाताला कन्नड. लग्नसराईत एकाच पत्रिकेत अर्धा मजकूर मराठी, अर्धा कन्नड असायचा, कारण मुलाकडचे अनगोळचे आणि मुलगी बैलहोंगलची. जुळणी सुटली की खिळे धुऊन परत आपापल्या खणात टाकायचं काम आम्हा नातवंडांचं. देवनागरी शून्य आणि कन्नड अनुस्वाराचं पोकळ वर्तुळ मला हमखास फसवायचं. दोन्ही नुसती गोल. मी चुकले की पुढच्या पत्रिकेची तारीख बिघडायची. आजोबा ओरडायचे नाहीत. मागून येऊन विचारायचे, “काय करूलालीस?” मग खिळा माझ्या हातातून घेऊन अंगठ्यानं चाचपायचे आणि म्हणायचे, “डोळ्यानं नको, बोटानं बघ.” (ते ‘करूलालीस’ पुण्याच्या माणसाला हसू आणतं. आमच्या मराठीच्या क्रियापदाला कानडीची लय आहे. त्यात लाज वाटावी असं मला कधी काही दिसलं नाही.)

ते अठरा वर्षांचे होते तेव्हाची, म्हणजे १९२९ सालची, एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगत. त्या एकाच वर्षी बेळगावात मराठी साहित्य संमेलनही भरलं आणि कन्नड साहित्य संमेलनही. मराठीचे अध्यक्ष शि. म. परांजपे, कन्नडचे मास्ती व्यंकटेश अय्यंगार. आजोबांनी दोन्हीकडे मांडवात पाणी वाटलं. भाषण कुठलं जास्त आवडलं असं आम्ही विचारलं की म्हणायचे, घागरी वाहणाऱ्याला भाषण ऐकू येतंय कुठलं!

अशा माणसाला तुम्ही एका शब्दात बसवायला निघालात, आणि तो शब्द त्याच्या नाटकांवरून न घेता नकाशावरून घेतलात. माझ्या तक्रारी आता क्रमानं.

पहिली तक्रार काळाची. जी सीमा १९५६ साली आखली गेली ती तुम्ही १९११ सालच्या जन्मावर नेऊन ठेवता. यानं काय होतं ते चंदगडवरून बघा. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूरला गेला, त्यातून तेवढा चंदगड वगळला आणि तो कोल्हापूरला जोडला. आता १९३० साली जन्मलेले दोन मराठी लेखक घ्या, एक चंदगडचा, एक खानापूरचा. दोघांचा जिल्हा एक, प्रांत एक, भाषा एक. तुमच्या कोशात मात्र एक महाराष्ट्रीय आणि दुसरा कन्नड. दोघांनीही आयुष्यात काही वेगळं केलेलं नाही. १९५६ साली कायद्याच्या एका कलमात एका तालुक्याचं नाव आलं, एवढाच फरक.

जगात हा पेच काही आपल्यालाच पडलेला नाही. मारी क्यूरी १८६७ साली वॉर्सात जन्मल्या तेव्हा ते शहर रशियन साम्राज्यात होतं. नोबेल पुरस्काराच्या अधिकृत माहितीत त्यांच्या जन्मस्थळापुढे रशियन साम्राज्य लिहून कंसात ‘आता पोलंड’ असं दिलेलं आहे. एका कंसानं काम भागतं. त्यांना कुणी रशियन शास्त्रज्ञ म्हणत नाही. मनमोहन सिंग यांचं जन्मगाव गाह आज पाकिस्तानात आहे, परवेझ मुशर्रफ यांचा जन्म दिल्लीतला. तुमचा नियम राज्यांच्या बाबतीत जे करतो ते देशांच्या बाबतीत करून बघा, आणि तसा कोश छापायची हिंमत करा.

दुसरी तक्रार मोठी आहे, तिथं जरा थांबते. जन्मगावावरून भाषा, कार्य किंवा आपलेपण ठरत नाही, आणि हे आमच्या भागाइतकं दुसरीकडे कुठं उघड दिसत नसेल. मलप्रभेच्या काठचं गुर्लहोसूर घ्या. मराठी संगीत रंगभूमीचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ साली तिथले. कर्नाटकाच्या संस्कृतीचा शोध घेण्यात आयुष्य घालवणारे कन्नड संशोधक शं. बा. जोशी हेही १८९६ साली तिथलेच. आणि १८८८ साली बेळगावात सायकलींचं दुकान काढून पुढं नांगराचे कारखाने उभे करणारे लक्ष्मणराव किर्लोस्करही तिथलेच. एका गावातून एक मराठी नाटककार, एक कन्नड पंडित आणि एक कारखानदार. तुमचा नियम या तिघांना एकच शब्द देतो आणि तो तिघांपैकी फक्त एकाला बसतो.

धारवाडचे द. रा. बेंद्रे घ्या. घरात मराठी, कविता कन्नड, १९७३ चं ज्ञानपीठ कन्नडसाठी, मराठीतही लेखन, आणि नोकरी काही वर्षं सोलापूरच्या कॉलेजात. इथं तुमचा नियम चुकून बरोबर उत्तर देतो. ते कन्नड कवीच आहेत, पण त्याचं कारण धारवाडात जन्म हे नव्हे. त्याच धारवाडात जी. ए. कुलकर्णी वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवत राहिले. जन्म बेळगावचा, १९२३ चा. महाराष्ट्रात राहणं असं त्यांच्या वाट्याला आलं ते जवळपास शेवटी, पुण्यात. तुमच्या हिशेबानं जी. ए. कन्नड कथाकार ठरतात. ही ओळ तुमच्यापैकी कुणी मोठ्यानं वाचून बघितली होती का? इंदिरा संत विजापूर जिल्ह्यातल्या इंडीच्या, संसार बेळगावात. त्यांनाही कन्नड कवयित्री म्हणणार? आणि उलट बाजूनं, गिरीश कार्नाड माथेरानला जन्मले म्हणून कन्नड रंगभूमीनं त्यांना महाराष्ट्राला देऊन टाकायचं?

कुमार गंधर्वांपाशी तर नियमाचा धागाच तुटतो. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली कोमकली मठांच्या कन्नड घरात जन्म, मूळ नाव शिवपुत्र. शिक्षण मुंबईत, आयुष्य देवासला. गळ्यात माळव्याची लोकगीतं, कबीराची निर्गुणी भजनं, मराठी नाट्यपदं. आम्ही लहानपणी सुळेभावीवरून एस्टीनं जाताना आजोबा खिडकीतून बोट दाखवायचे, “हे शिवपुत्राचं गाव.” कर्नाटकाचा की माळव्याचा की मराठी, असलं काही त्यांच्या तोंडून आलं नाही. त्यांना जन्मगाव सांगायचं होतं, तेवढंच त्यांनी सांगितलं. जन्मगावाचा मान एवढाच असतो, आणि तो मोठा असतो. त्याला बाकीच्या रकान्यांत घुसवायचं कारण नाही.

काकासाहेब कालेलकरांचं उदाहरण याहून मजेचं. जन्म साताऱ्याचा, मातृभाषा मराठी, बालपणाचा काही काळ आमच्या भागात, आणि लेखन गुजरातीत असं की गांधीजींनी त्यांना ‘सवाई गुजराती’ म्हटलं. आणि कोशवाल्यांच्याच घरातला दाखला हवा असेल तर ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ रचणारे श्रीधर व्यंकटेश केतकर. जन्म १८८४, गाव रायपूर. रायपूर आज छत्तीसगडची राजधानी आहे. मराठीतल्या पहिल्या मोठ्या ज्ञानकोशाच्या कर्त्याला छत्तीसगडी लेखक म्हणायला निघालेल्या नियमावर किती वेळ घालवायचा?

तिसरी तक्रार ‘राष्ट्रीयत्व’ या नव्या रकान्याची. १८८५ साली वारलेल्या अण्णासाहेबांपुढे ‘राष्ट्रीयत्व: भारतीय’ असं छापण्यातला आपलेपणा मला कळतो, पण नागरिकत्वाची आपली घटनाच १९५० ची. आणि जन्मस्थळाचा नियम या रकान्याला लावला तर चोर्ला घाटापलीकडे अनर्थ होतो. गोवा १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे. म्हणजे मंगेशीचे मास्टर दीनानाथ आणि बोरीचे बा. भ. बोरकर जन्मानं पोर्तुगीज अमलातले. त्यांना कुणी पोर्तुगीज म्हणेल का? मुंबईत जन्मलेल्या किपलिंगला आणि मोतिहारीत जन्मलेल्या ऑर्वेलला तुम्ही ‘इंग्रज लेखक’ म्हणता, आणि बरोबरच म्हणता. म्हणजे परक्यांच्या बाबतीत माणूस स्वतःला कोण समजत होता, कुठल्या भाषेत लिहीत होता हे तुम्ही बघता. घरच्या माणसांची वेळ आली की नकाशा काढता.

चौथी तक्रार आमच्या बाजूची. ती मी लिहिली नाही तर बाकीचं पत्र फुकट आहे. मराठी कोशकार आणि मराठी वाचकही याच खेळात आहेत. बेंद्र्यांच्या नावाशी ‘मूळचे मराठी’ असं मोठ्या ऐटीत लिहिलं जातं, जणू त्यांच्या कन्नड कवितेचा धनी दुसराच कुणी आहे. वाचनालयात कार्डांचे ड्रॉवर होते तेव्हा मी स्वतः बेंद्र्यांचं कार्ड ‘मराठी कवी’त लावलं होतं. वाचनालयाच्या एका ज्येष्ठ सभासदाला बरं वाटावं म्हणून. ते कार्ड तिथं सहा वर्षं होतं. एकदा धारवाडहून आलेल्या एका विद्यार्थ्यानं ते बाहेर काढून माझ्यासमोर ठेवलं, आणि मला मान वर करता आली नाही.

आमच्या शेजारच्या अक्का कन्नड. त्यांचे वडील अक्कलकोटचे, देवळांतून वचनं, म्हणजे शिवशरणांची कन्नड पदं, गाणारे, मराठी बोलायचे ते बाजारापुरतं. तुमच्या सुधारित आवृत्तीत ते ‘महाराष्ट्रीय गायक’ आहेत. मी कोश घेऊन त्यांच्याकडे गेले तेव्हा अक्का खळखळून हसल्या. “आमच्या आप्पांना तुमच्यात घातलंय की हो! आणि तुमच्या आजोबांना आमच्यात.” मग भाकरी थापता थापता हात थांबवून म्हणाल्या, “आप्पांना हे दाखवलं असतं तर ते चार दिवस जेवले नसते.” हसणं आणि हे बोलणं, दोन्ही खरं होतं.

पाचवी तक्रार गावाच्या नावाची, ती लहान आहे. बेळगावचं ‘बेळगावी’ हे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासूनचं. १९२३ सालचा जन्म ‘बेळगावी, कर्नाटक’ येथे झाला असं लिहिणं दोन्ही शब्दांनी चूक आहे. त्या वर्षी तिथं बेळगाव होतं आणि मुंबई इलाखा होता.

आता ‘एकसारखेपणा’. मीही आयुष्यभर वर्गीकरणच केलं. रकाने लागतात, एकच नियम सगळीकडे लागला पाहिजे, हे मला पटतं. पण तुम्ही तीन वेगळे प्रश्न एकाच रकान्यात कोंबलेत आणि त्याला एकसारखेपणा म्हणता. माणूस कुठं जन्मला हा एक प्रश्न. त्यानं कशात काम केलं हा दुसरा. तो स्वतःला कोण म्हणवत होता हा तिसरा. पहिल्याचं उत्तर दाखल्यात मिळतं, दुसऱ्याचं पुस्तकांत, तिसऱ्याचं त्याच्या तोंडून किंवा त्याच्या लेखनातून. आणि पुष्कळदा तिसऱ्याचं मिळतच नाही. गंगाधरराव देशपांडे हुदलीचे. टिळकांचे अनुयायी, १९२४ साली बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनासाठी गांधीजींना आणणाऱ्यांतले पुढारी, आणि लोकांनी त्यांना कर्नाटकाचा सिंह म्हटलं. अशा माणसाला एका शब्दात सांगायची घाई कोशाला का असावी?

माझ्या मागण्या अशा. जन्मस्थळ त्या काळच्या नावानं आणि त्या काळच्या राज्यानं द्या, आणि आजचं राज्य कंसात. आजोबांच्या बाबतीत ते ‘शहापूर, संस्थान सांगली (आता बेळगावी, कर्नाटक)’ असं होईल. कंस वाढले तर वाढू देत, शाई माझ्याकडून.

ओळखीचा पहिला शब्द कामाच्या भाषेवरून द्या. दोन भाषांत काम असेल तर दोन्ही लिहा, आणि एकाच माणसाची नोंद दोन सूचींत येऊ द्या. कुमार गंधर्व तीन ठिकाणी सापडले तर वाचकाचं काही बिघडत नाही.

‘मराठी’, ‘कन्नड’, ‘महाराष्ट्रीय’, ‘कर्नाटकी’ हे शब्द माणसानं स्वतः वापरले असल्याचा पुरावा असेल तरच ओळख म्हणून वापरा. नसेल तर रकाना रिकामा ठेवा. रिकामा रकाना ही कोशाची नामुष्की नाही. मी कित्येक कार्डं रिकाम्या रकान्यांसह लावली आहेत.

१९४७ च्या आधी वारलेल्यांपुढचा ‘राष्ट्रीयत्व’ रकाना काढून टाका.

सुधारित धोरणामुळे बदललेल्या नोंदींची यादी जाहीर करा. माझ्या आजोबांची आणि अक्कांच्या आप्पांची अशा दोन मला सापडल्या. निपाणी, खानापूर, कारवार, भालकी, आणि पलीकडे जत, अक्कलकोट इथल्या किती असतील ते तुम्हालाच मोजता येईल. पुढची आवृत्ती छापून होईपर्यंत थांबू नका, शुद्धिपत्र आधी काढा. आणि सीमाभागातल्या नोंदी तपासायला दोन्ही भाषा वाचणारं कुणीतरी घ्या. अशी माणसं इथं गल्लोगल्ली आहेत, आणि पुष्कळ जण निवृत्त आहेत.

सोबत आजोबांच्या दाखल्याची झेरॉक्स आहे. तीन नाटकांच्या मुखपृष्ठांचे फोटो आहेत, आणि त्या कन्नड भजनाच्या पुस्तकाचंही मुखपृष्ठ आहे. ते नोंदीत घालायला विसरू नका, नाहीतर उलट्या बाजूची चूक होईल. आप्पांच्या नोंदीबद्दल अक्का वेगळं पत्र लिहिणार आहेत, कन्नडमध्ये. मला उत्तर मराठीत द्या किंवा कन्नडमध्ये, घरात दोन्ही वाचता येतं.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल
शहापूर, बेळगाव